गळलेली पाने आणि मळ्याचा माळी

शास्त्रपाठ: लूक १३:६-९



आपल्या प्रभूने सांगितलेल्या दाखल्यांत बियांचे, मेंढरांचे, जाळ्यांचे व दिव्यांचे उल्लेख पुष्कळ आहेत. परंतु खताचा उल्लेख ज्यात येतो असा दाखला विरळा. तो लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. एका मनुष्याच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड होते. तीन वर्षे तो फळ पाहावयास आला आणि तीनही वर्षे रिकाम्या हातांनी परत गेला. शेवटी त्याने माळ्यास ते तोडून टाकावयास सांगितले. कारण ते उगाच जमीन अडवून उभे होते. माळ्याने मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागितली. तेवढ्या अवधीत आपण झाडाभोवती खणू, खत घालू आणि मग काय होते ते पाहू, अशी त्याची विनंती होती.

हा दाखला मी अनेक वेळा वाचला आहे व त्यावर उपदेशही केला आहे. देवाची सहनशीलता, पश्चात्तापाची निकड, मुदत संपण्याचे भय, हे सर्व मुद्दे सेमिनरीत शिकलो तसे मंडळीपुढे मांडले. परंतु एक साधा प्रश्न पुष्कळ वर्षे माझ्या मनात आलाच नाही. त्या माळ्याने खत आणले कोठून? खत काही एका रात्रीत तयार होत नाही. ते आधीपासून साठविलेले व कुजविलेले असावे लागते. इतरांनी जे टाकून दिले ते या माळ्याने मळ्याच्या कोपऱ्यात जपून ठेविले असले पाहिजे. ज्याच्या उकिरड्यात काहीच नाही, त्याने वर्षाची मुदत मागून तरी काय करावे?

हा प्रश्न मला आमच्या मंदिराच्या आवारातील पाचोळ्याने शिकविला. ती हकीकत आपणांस सांगावयाची आहे, आणि तीत माझी चूक आहे ती प्रथम कबूल करावयाची आहे.

माझी मंडळी भीमा व गोदावरी यांच्यामधील कोरडवाहू मुलखात आहे. मंदिराच्या आवारात एक जुना पिंपळ, चार कडुनिंब, एक शिरीष व देशी बदामाची दोन झाडे आहेत. माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली म्हणजे सकाळी झाडलेले आवार दुपारी पुन्हा भरून जाते. कोपऱ्यात ढीग करावा आणि सायंकाळी काडी लावावी, हा आमचा दरवर्षीचा क्रम होता. आवार स्वच्छ दिसे. त्या स्वच्छतेचा मला थोडा अभिमानही होता. धूर मात्र भिंतीपलीकडच्या घरांत शिरे. तेथे एक वृद्ध विधवा बहीण राहते. तिला सारे आजी म्हणतात, मीही तसेच म्हणतो. त्या दिवसांत तिचा खोकला वाढे. तो थंडीवाऱ्याचा खोकला आहे असे मी समजत असे. पाचोळ्याच्या धुरात फुप्फुसांत खोल शिरणारे अतिसूक्ष्म कण असतात व दम्याच्या मनुष्यास ते फार बाधतात, हे आज सर्वांस ठाऊक आहे. २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, ती याच कारणाने. परंतु जे कायद्याने सांगावे लागले ते शेजाऱ्यावरील प्रीतीने मला त्यापूर्वीच सांगावयास हवे होते.

काही वर्षांपूर्वीच्या एका फाल्गुनात मी काडी ओढणार इतक्यात आजी हातात पाटी घेऊन आवारात आली आणि म्हणाली, “पाळकसाहेब, काडी लावू नका. झाडानं दिलंय ते मातीचं हाय. मातीचं मातीला द्या.”

मी म्हणालो, “आजी, एवढा कचरा ठेवायचा कोठे? विंचूकिरडू होईल.”

ती म्हणाली, “ठेवायची जागा मी बघते. तुम्ही फकस्त खड्ड्याला माणूस द्या.”

तिच्या वयाचा मान ठेवून मी होय म्हटले. मनात मात्र तिचे म्हणणे मला पटले नव्हते.

आता गळलेल्या पानात असते तरी काय, हे थोडे पाहू. पान आपोआप तुटून पडते असे आपणांस वाटते, पण वस्तुतः झाड ते सोडून देते. थंड देशांत कडाक्याच्या हिवाळ्यापूर्वी आणि आपल्याकडे पाण्याच्या टंचाईच्या काळात झाड आपला खर्च कमी करते. पान सोडण्यापूर्वी त्यातील नत्र व स्फुरद यांचा मोठा भाग ते डहाळीत परत ओढून घेते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, देठ सुटतो, आणि त्या जागेवर बुचासारखे कवच येऊन जखम बंद होते. म्हणजे पान पडते तेव्हा रिकामेच असते काय? तसे नाही. चुना त्यात राहतो, थोडे नत्र राहते आणि कर्ब तर पुष्कळच राहतो. ज्या काळ्या भुसभुशीत द्रव्यामुळे जमीन पाणी धरून ठेविते, ते या कर्बयुक्त पाल्यातूनच होते. आपण काडी लावितो तेव्हा कर्ब व नत्र धुराबरोबर आकाशात जातात, आणि हाती मूठभर राख उरते. राखेलाही तिचा उपयोग आहे. कोकणात भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा व फांद्या पसरून राब भाजतात, त्याने तणाचे बी मरते. त्या कष्टाळू लोकांस मी नावे ठेवीत नाही. परंतु आमच्या आवारात राब नव्हता की रोपे नव्हती. केवळ डोळ्यांआड करण्यासाठी आम्ही जाळीत होतो.

आजीने पिंपळामागच्या उंचवट्यावर कंबरभर खोल खड्डा घेवविला. पावसाचे पाणी आत तुंबू नये म्हणून उंचवटा. खाली तुरीच्या काड्या घातल्या, म्हणजे बुडाशी हवा खेळती राहते. त्यावर वीतभर पाचोळा, पाचोळ्यावर शेणकाला, शेणकाल्यावर जुन्या खताची व मातीची एक चिमट, आणि मग पुन्हा पाचोळा. पिंपळाची व बदामाची मोठी पाने तिने काठीने बडवून बारीक केली. कारण अखंड पाने एकमेकांस चिकटून थर बनतात व त्यातून पाणी आत जात नाही. फाल्गुनात आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचीच वाण. म्हणून हातपंपाखाली सांडलेले पाणी ती घमेल्याने आणून खड्ड्यावर शिंपडीत असे. मूठभर पाचोळा दाबला तर ओलावा हाताला लागावा, पण पाणी ठिबकू नये, एवढीच ओल ती ठेवी. मृग लागल्यावर पावसाने ते काम आपल्याकडे घेतले. मधून मधून ती कोणास तरी हाताशी धरून ढीग खालीवर करवी.

ही निरक्षर बाई जे करीत होती तेच विद्वानांनीही सांगितले आहे. १९२४ साली इंदूर येथे वनस्पतिविषयक संशोधनाची एक संस्था स्थापन झाली, आणि १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड हे तिचे प्रमुख होते. शेतातील टाकाऊ पाला, काड, शेण व माती यांचे थर लावून, ओल राखून, तीन वेळा खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत खत करावयाची रीत त्यांनी तेथे बसविली. तिला इंदूर पद्धत म्हणतात. १९३१ साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा हॉवर्ड यांच्याबरोबर लेखक म्हणून यशवंत वाड या आपल्या देशबांधवाचेही नाव त्यावर होते. नुसत्या पाचोळ्यास मात्र तीन महिने पुरत नाहीत. त्यात कर्ब फार व नत्र थोडे, म्हणून ते काम बुरशीच्या बारीक तंतूंस सावकाश करावे लागते. शेण अथवा हिरवा पाला मिसळला तर वेग येतो. कडुनिंबाची व शिरीषाची बारीक पाने लवकर कुजतात. आंब्याची व सागाची चिवट पाने वेळ घेतात.

आणि गांडुळांस कसे विसरावे? १८८१ साली, आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. गळलेली पाने गांडुळे बिळात ओढून नेतात आणि बहुधा निमुळत्या टोकाकडूनच धरतात, म्हणजे पान बिळात सहज शिरते, असे त्यांनी पाहिले. ज्या प्राण्याला डोळे नाहीत तो अंधारात असे काम करीत असतो, आणि त्याच्या कामावर आपली भाकरी अवलंबून आहे. सृष्टिकर्त्याने आपल्या घरात असा एकही पदार्थ ठेविला नाही की ज्याच्यासाठी त्याने कोणी तरी कामकरी नेमिलेला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास खड्डा उघडला. मी तेथे उभा होतो. वरचा वाळका थर खोऱ्याने बाजूस केला आणि खाली पाहतो तो पान कोठेच नाही. काळी, हलकी, हाताला गार लागणारी माती. वास पहिल्या पावसाचा. कंबरभर खड्ड्यातील माल गुडघ्याएवढा उरला होता. आजीने ओंजळभर उचलून माझ्यासमोर धरली आणि एवढेच म्हणाली, “बघा, तुम्ही हे जाळीत होता.”

बंधूंनो, मला दोषी ठरविणारे इतके थोडे शब्द मी क्वचितच ऐकिले आहेत.

ते खत आम्ही आवाराच्या दक्षिणेकडील वाफ्यांत घातले. मेथी, पालक, मुळा, लसूण व कोथिंबीर लाविली, आणि कडेला वांग्याची रोपे. पावसाळा संपल्यावर आपल्या मुलखात नवी ओल येत नाही. जमिनीत जी आहे तीवरच हिवाळा काढावयाचा असतो. म्हणून खालून खत, आणि वरून आच्छादन. बदामाची व इतर झाडांची जी पाने त्या दिवसांत गळत होती ती चुरून चार बोटे जाडीचा थर आजीने रोपांच्या ओळींमधून पसरला. त्याने ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण दबते, आणि रात्रीच्या थंडीत मुळांभोवतीची माती एकदम गारठत नाही. इंग्लंड-अमेरिकेसारख्या देशांत पानगळ हिवाळ्याच्या तोंडाशीच होते, तेव्हा तेथील माळी तीच पाने गोळा करून त्याच महिन्यात झाडांच्या बुडाशी पांघरूण म्हणून घालतात. आपल्याकडे मुख्य पानगळ फाल्गुनात आणि हिवाळ्याची बाग कार्तिकात. मध्ये उन्हाळा जातो, पावसाळा जातो. म्हणून आपल्या माळ्याला आठ महिने आधी हिवाळ्याची आठवण ठेवावी लागते, आणि जे आज कचरा दिसते त्यात पुढची मेथी पाहावी लागते. अशा दृष्टीलाच आपण विश्वास म्हणतो.

आता ज्यासाठी हे सर्व लिहिले त्या गोष्टीकडे येतो.

ज्या फाल्गुनात आजीने माझा हात धरिला, त्याच फाल्गुनात आमच्या पंचांपुढे एक दुःखाचे प्रकरण होते. मंडळीतील एक बंधू, पूर्वी शाळेत शिकवीत असल्यामुळे ज्यांस सर्व जण मास्तर म्हणत, ते कापणीच्या सणाच्या वर्गणीचा हिशेब ठेवीत. भजनात त्यांचा आवाज पुढे असे. पत्नीच्या मृत्यूनंतर ते दारूच्या नादी लागले, आणि एके वर्षी सणाचे पैसे खर्च झालेले आढळले. रक्कम मोठी नव्हती; परंतु ती विधवांच्या व मजुरांच्या घामाची होती. त्यांचे नाव पुस्तकातून काढावे असा ठराव आला. खरे सांगतो, तो लिहिणारा मीच होतो. मला आवार स्वच्छ हवे होते. तीन वर्षे समजाविले, फळ दिसले नाही. आता तोडावे, असे माझे मत होते. पंचांचे एकमत झाले नाही म्हणून ठराव पावसाळ्यानंतरच्या बैठकीपर्यंत राहिला, एवढेच.

दिवाळीनंतरची ती बैठक खड्डा उघडल्याच्या चौथ्या दिवशी होती. त्या रात्री मी दिव्याजवळ बसून लूकाचा तेरावा अध्याय वाचला, आणि माझ्या ध्यानात आले की दाखल्यात धन्याचे बोलणे मी आपल्या तोंडी घेतले आहे, आणि माळ्याचे काम कोणाकडेच दिलेले नाही. मास्तरांस आम्ही तीन वर्षे समजाविले होते खरे. परंतु एकदा तरी त्यांच्या बुडाशी खणले होते काय? पत्नीच्या मृत्यूनंतर रिकाम्या घरात ते एकटे कसे राहतात, रात्री कोण त्यांच्याजवळ बसते, हे आमच्यापैकी कोणी विचारिले होते काय? आम्ही फळ पाहावयास येत होतो आणि परत जात होतो. बैठकीत मी माझाच ठराव मागे घेतला व एका वर्षाची मुदत मागितली. एका वडिलांनी विचारिले, “या वर्षात तुम्ही निराळे काय करणार?” प्रश्न योग्य होता. माळ्यासही तोच प्रश्न होता, आणि खणीन व खत घालीन हे त्याचे उत्तर होते. मग पाचोळ्याने मला ज्या तीन गोष्टी शिकविल्या त्या मी पंचांपुढे ठेविल्या. त्याच आपणांपुढे ठेवितो.

पहिली ही की, एकटे पान कुजत नाही, ते वाऱ्याने उडून जाते. यशया संदेष्ट्याने चौसष्टाव्या अध्यायात कबुली दिली आहे की आपण सर्व पानाप्रमाणे कोमेजतो आणि आपले अपराध वाऱ्यासारखे आपणांस उडवून नेतात. त्या कबुलीत संदेष्टा स्वतःलाही धरितो. पडलेल्या मनुष्याची गती अशीच होते. आज येथे, उद्या गुत्त्यात, परवा मुंबईच्या कोणत्या तरी रस्त्यावर. पाने ढिगात एकत्र आली, त्यांस ओल व शेण मिळाले, म्हणजेच त्यांचे खत होते. मंडळी ही तशी जागा आहे. मंडळी म्हणजे केवळ हिरव्या पानांचे प्रदर्शन, असे ज्यास वाटते त्याने फाल्गुनात एकदा वर पाहावे.

दुसरी ही की, वेळ लागतो आणि मध्ये हात घालावा लागतो. ढीग लावून विसरला तर तो आतून आंबतो व दुर्गंधी सुटते. म्हणून खालीवर करावा, हवा द्यावी. परंतु दररोज उकरला तर त्यातील ऊब जाते. आम्ही ठरविले की दर आठवड्यास दोघांनी मास्तरांकडे जावे, भाकरी बरोबर न्यावी, आणि उपदेश न करिता बसावे. त्यांस व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी तालुक्याच्या ठिकाणी नेण्याची तजवीजही केली. कारण दारूची सवय हा आजारही आहे, आणि प्रार्थना करणाऱ्याने वैद्याकडे जाऊ नये असे शास्त्र कोठेही सांगत नाही.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. गळलेले पान पुन्हा फांदीस चिकटत नाही. दयेच्या भरात आपण तसे चिकटवू पाहतो, आणि म्हणून दया फसते. वर्गणीची पेटी मास्तरांकडे पुन्हा दिली नाही, देणारही नाही. ती देणे त्यांस मोहात टाकण्यासारखे होते आणि ज्या विधवांचे पैसे गेले त्यांचा अवमान करण्यासारखेही. आजी आच्छादन पसरिते तेव्हा झाडाच्या बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेविते. पाचोळा बुंध्याला टेकला तर साल कुजते, आणि आमच्या कोरड्या मुलखात वाळवीही चढते. रोग पडलेल्या पिकाचा पाला ती त्याच पिकाच्या वाफ्यात घालीत नाही. दया व शिस्त यांत वैर नाही, हे त्या चार बोटांवरून मी शिकलो. परंतु फांदीवर जागा नाही म्हणजे बागेत जागा नाही, असे मुळीच नव्हे. फांदीवर असता जे पान एका डहाळीपुरते होते ते मातीत गेल्यावर सबंध वाफ्याला उपयोगी पडते.

मास्तरांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. ते पूर्ण सुधारले असे लिहून मी आपणांस सुखवू इच्छीत नाही. वर्षाच्या आत दोनदा ते पुन्हा पडले. पैशांपैकी निम्मे त्यांनी मजुरी करून थोडे थोडे फेडिले आहेत. बाकीचे राहिले आहेत. उपासनेस ते येतात व शेवटल्या बाकावर बसतात. पुढच्या फाल्गुनात खड्डा भरण्यास मनुष्य हवा होता तेव्हा आजीने कोणास न विचारता त्यांनाच हाक मारिली. आता पाचोळा तेच गोळा करितात, हातपंपाचे सांडपाणी तेच वाहतात, आणि आजीच्या हाताने होईनासे झाले तेव्हापासून ढीगही तेच खालीवर करितात. गेल्या हिवाळ्यात वाफ्यांतील पहिली मेथी, ज्या विधवांची वर्गणी गेली होती त्यांच्या घरोघर त्यांनी स्वतः नेऊन दिली. एकीने घेतली, एकीने दार लाविले. दार लाविणारीस मी दोष देत नाही. वर्ष संपल्यावर पंचांनी मुदत आणखी वाढविली, आणि त्यांचे नाव अद्याप पुस्तकात आहे.

प्रभूच्या दाखल्यासही शेवट नाही, हे आपल्या लक्षात आले आहे काय? माळ्याची विनंती येथे संपते. धन्याने काय उत्तर दिले, पुढच्या वर्षी अंजीर धरिले की नाही, हे लूक सांगत नाही. तेथे ओळी संपतात आणि खोरे आपल्या हाती येते. आणि हेही विसरू नये की त्या झाडाच्या जागी आपण प्रत्येक जण एकदा उभे होतो, किंवा आजही आहोत. आपल्याविषयीही कोणी तरी एका वर्षाची मुदत मागितली आहे. त्या माळ्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत.

म्हणून खेड्यापाड्यांतील माझ्या बंधुभगिनींनो, दोन कामे आपणांस सुचवितो. पहिले हे की, येत्या पानगळीत मंदिराच्या आवारात काडी लावू नका. एका कोपऱ्यात खड्डा घ्या. पाचोळा, शेणकाला व माती यांचे थर लावा, ओल राखा, महिन्या-दीड महिन्याने खालीवर करा, आणि दिवाळीच्या सुमारास उघडा. शब्बाथ शाळेची मुले या कामी लावा. दाखला त्यांस न सांगता कळेल. हिवाळ्यात जी भाजी होईल ती मंडळीतील सर्वांत गरीब घरी प्रथम जावो. पाच हजारांस जेवू घातल्यावर आपल्या प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, काही वाया जाऊ दिले नाही, असे योहान सहाव्या अध्यायात सांगतो. ज्याच्या शब्दाने भाकरी वाढली त्यालाही तुकडा टाकवला नाही. मग आपणांस पान जाळण्याची घाई का?

दुसरे काम मंदिराच्या आत आहे. मंडळीचे पुस्तक उघडा आणि ज्या नावांपुढे रेघ ओढण्याचा विचार चालला आहे ती वाचा. तसेच ज्यांच्या नावांपुढे रेघ नाही, पण ज्यांची आठवणच राहिली नाही, अशी वृद्ध व आजारी माणसेही त्यात शोधा. तीही गळलेली पानेच आहेत, आणि त्यांच्याजवळ पुष्कळ देण्यासारखे आहे, हे मी एका आजीवरून जाणतो. प्रत्येक नावापाशी थांबून स्वतःस विचारा: आम्ही याच्याकडे किती वेळा फळ पाहावयास गेलो, आणि किती वेळा खोरे घेऊन गेलो?

हे प्रभो, तू आमच्याभोवती किती वर्षे खणीत आहेस हे आम्हांस ठाऊक नाही. जे आम्ही जाळू पाहतो ते साठविण्याची बुद्धी आम्हांस दे, थांबण्याचे धैर्य दे, आणि तुझ्या मळ्यात आम्हांस तुझ्या हाताखालचे माळी कर. आमेन.